एवढ्याशा जिवासाठी रडायचं का?

कोथिंबिरीची पिशवी वाजली की आमच्या घरात शिट्ट्या सुरू व्हायच्या. बाजारातून आले, पिशवी ओट्यावर ठेवली, प्लॅस्टिकचा जरासा चुरचुर आवाज झाला, की हॉलच्या कोपऱ्यातून दोन गळे एकदम चिरकायचे. नवखा पाहुणा दचकून उभाच राहायचा. मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी मी सवयीने तशीच पिशवी उघडली आणि घर गप्प राहिलं. कोथिंबीर हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. अम्मींनी आतून विचारलं, "दूध उतू चाललंय का गं?" तेव्हा भानावर आले. दूध खरंच उतू गेलं होतं.

भगिनींनो, या महिन्यात शाळा सुरू होतानाच्या तयारीवर लिहीन असं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. शीर आणि खुर्मा या आमच्या दोन गिनी पिग चार दिवसांच्या अंतराने गेल्या, आणि त्यानंतर घरात जे घडलं ते लिहिल्याशिवाय दुसऱ्या विषयाला हात लागत नाही. एवढ्याशा प्राण्यांसाठी अख्खा लेख कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर मी रागावणार नाही. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

सात वर्षांपूर्वी रमजान ईदला आमच्या थोरल्याने आपली सगळी ईदी एका डब्यात जमवली आणि ती घेऊन बापाच्या मागे लागला. दोघं दिंडोरीहून नाशिकला गेले आणि संध्याकाळी बुटांच्या खोक्यात दोन पिल्लं घेऊन आले. एक दुधासारखी पांढरी, दुसरी खारकेच्या रंगाची. दोघी बहिणी, एकाच वेळच्या. घरात त्या दिवशी शीरखुर्मा होताच, त्यामुळे नावं शोधायला लागली नाहीत. थोरला तेव्हा आठ वर्षांचा होता, आता पंधराचा आहे. धाकटी दोनाची होती, ती नऊची झाली. म्हणजे धाकटीला या दोघींशिवायचं घर ठाऊकच नाही.

अम्मींनी मात्र पहिल्या दिवशी खोक्याकडे बघून विचारलं, "याला म्हणतात काय?" यांनी नाव सांगितलं. त्यातलं दुसरं अक्षर ऐकताच अम्मी उठून उभ्या राहिल्या. "पिग? डुक्कर? माझ्या घरात?" त्यांची समजूत घालता घालता यांच्या नाकी नऊ आले. खरं म्हणजे या प्राण्याचा ना आफ्रिकेतल्या गिनीशी संबंध, ना डुकराशी. तो ससा-उंदरासारखा कुरतडणारा, गवत खाणारा जीव आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षांपासून त्याला पाळत आले. तिकडे त्याला ‘कुई’ म्हणतात, त्याच्या आवाजावरूनच पडलेलं नाव. सोळाव्या शतकात तो जहाजांतून युरोपात पोहोचला आणि तिथे ज्याला जे सुचलं ते नाव त्याने ठेवलं. फ्रेंच लोक तर त्याला हिंदुस्तानचं डुक्कर म्हणतात, आणि बिचाऱ्याने तोवर हिंदुस्तान पाहिलेलाही नव्हता. हे ऐकून अम्मी हसल्या आणि म्हणाल्या, "नाव काहीही असू द्या, माझ्यासमोर शीर-खुर्माच म्हणायचं." पुढे दुपारच्या नमाजनंतर दुधीची सालं घेऊन पिंजऱ्याशी बसणाऱ्या त्याच होत्या.

आपल्याकडे हा शब्द वर्तमानपत्रात येतो तो वेगळ्याच अर्थाने. ‘आम्हाला गिनी पिग बनवलं’ अशी तक्रार आपण वाचतो. त्यामागे इतिहास आहे. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सिद्ध केला तो याच प्राण्यावर प्रयोग करून. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना दिसलं की नुसत्या धान्यावर ठेवलं तर गिनी पिगच्या हिरड्यांतून, सांध्यांतून रक्त येतं, अगदी जुन्या काळच्या खलाशांसारखं. माणसाप्रमाणेच या प्राण्याचं शरीरही ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. म्हणून आमच्या घरी भाजी कोणतीही असो, ढोबळी मिरचीचा एक तुकडा आणि पेरूची फोड या दोघींसाठी बाजूला निघायचीच. आपल्या औषधांमागे या जिवांचं किती देणं आहे हे मला त्या गेल्यावर वाचताना कळलं. आधी कळलं असतं तर फोड थोडी मोठी कापली असती.

आता त्या आठवड्याचं सांगते. गुरुवारी सकाळी अकराला वीज गेली ती पाचपर्यंत आली नाही. दिंडोरीतला मे महिना तुम्हाला माहीत आहे, आणि आमच्या हॉलवर पत्रा आहे. या प्राण्यांना घाम येत नाही. तापमान तिशीच्या वर गेलं की त्यांचा जीव कासावीस होऊ लागतो. दरवर्षीप्रमाणे आम्ही ओलं पोतं लावलं, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली. संध्याकाळी दोघी ठीक वाटल्या. खुर्माने काकडीचा तुकडा घेतला, अर्धा टाकला. पहाटे फजरला उठले तर शीर एका बाजूला बसून होती आणि तिच्या अंगाला टेकून खुर्मा आडवी झालेली होती. अंग गार पडलं होतं.

थोरल्याने खुर्माला लगेच बाहेर काढलं नाही. कुठेतरी त्याने वाचलं होतं की उरलेल्या जोडीदाराला थोडा वेळ वास घेऊ द्यावा, नाहीतर तो शोधत राहतो. शीरने तिचं नाक हुंगलं, कान हुंगला, मग पुन्हा तिला टेकून बसली. तासाभराने आम्ही खुर्माला जुन्या मलमलीच्या ओढणीत गुंडाळून मागच्या सीताफळाखाली पुरलं. खड्डा दोन फूट खोल घेतला, कारण आमच्या गल्लीत कुत्री उकरतात. प्राण्यांसाठी जनाजाची नमाज नसते, हे धाकटीला समजावून सांगावं लागलं. तिने मग नुसतंच एक दगड ठेवून त्यावर खडूने ‘ख’ लिहिलं.

त्यानंतरचे चार दिवस शीरचे होते, आणि खरं सांगते, त्या चार दिवसांत रडायला कुणाला सवडच मिळाली नाही. जोडीतला एक गेला की दुसऱ्याला जपणं हे पहिलं काम. गिनी पिगचं पोट सतत चालतं राहावं लागतं. एक दिवस जरी खाल्लं नाही तरी आतडं थबकतं आणि जिवावर बेततं. शीर कोपऱ्यात तोंड करून बसायची. पिशवी वाजली तरी मान वळवायची नाही. आम्ही दाण्याचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, त्याची पेज करून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थेंब थेंब भरवत होतो. रात्री अकराला मी, दोनला हे, पाचला थोरला. अम्मींनी खुर्माच्या अंगाखालचं फडकं न धुता शीरजवळ ठेवायला सांगितलं. म्हणाल्या, "वास असू दे तिच्यापाशी." रविवारी शीरने स्वतःहून गवताच्या दोन काड्या चावल्या, आणि आमच्या घरात जणू चंद्र दिसल्याचा आनंद झाला. सोमवारी रात्री ती थोरल्याच्या मांडीवर गेली.

दुःखाने गेली का ती? हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. दोघींचं वय एकच होतं. हा प्राणी पाच ते आठ वर्षं जगतो, म्हणजे दोघी म्हाताऱ्याच होत्या. एवढं मात्र अभ्यासातून दिसलंय की हा प्राणी सोबतीवर जगतो. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नोर्बर्ट साक्सर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनी पिगला अनोळखी जागी ठेवून त्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक मोजलं. ज्याच्याशी जोडी जमलेली आहे तो जोडीदार शेजारी असला की ते कमी वाढतं. अनोळखी गिनी पिग शेजारी ठेवला तर तसा फरक पडत नाही. म्हणजे नुसती कुणाची तरी सोबत नको, आपलीच हवी. स्वित्झर्लंडने तर २००८ मध्ये नियमच केला की गिनी पिग एकटा पाळायचा नाही. मग तिथे अडचण आली: जोडीतला एक मेला आणि दुसरा आणला, की काही वर्षांनी पुन्हा एक मागे उरणार, ही साखळी तोडायची कशी? त्यावर तिथल्या एका बाईंनी उरलेल्या म्हाताऱ्या गिनी पिगसाठी भाड्याने सोबती द्यायला सुरुवात केली. मला आधी हसू आलं. मग अम्मींच्या वयाच्या आपल्या नात्यातल्या एकट्या बायका आठवल्या आणि हसू थांबलं.

मंगळवारी माणसं यायला लागली. आमच्याकडे कुणी मुद्दाम भेटायला आलं नव्हतं, सहज आलेल्यांना कळलं. एक नातेवाईक म्हणाल्या, "अगं, उंदरासारखं तर होतं." दुसऱ्या म्हणाल्या, "बरं झालं, घरातला वास गेला." दिरांनी संध्याकाळी फोन करून सांगितलं की ते सशाची जोडी पाठवतात, पोरं विसरतील. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माणूस गेला की काय बोलायचं याची आपल्याकडे रीत आहे, शब्द आहेत, इन्ना लिल्लाहि आहे, तीन दिवस आहेत, शेजारून येणारं जेवण आहे. पाळलेला जीव गेला की रीतच नाही, म्हणून माणसं चाचपडतात आणि जे तोंडात येईल ते बोलतात. अमेरिकेतल्या केनेथ डोका नावाच्या अभ्यासकांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात अशा दुःखांची चर्चा केली होती, ज्यांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. असं दुःख दुप्पट होतं, कारण ते लपवावंही लागतं. धाकटीने लपवलं नाही. ती मोकळी रडली, जेवली नाही, मग जेवली, दगडावर ‘श’ लिहून आली. मी सगळं लक्ष तिच्याकडे दिलं. थोरला शांत होता. मोठा झाला, समजूतदार झाला, असं मी यांना म्हणालेसुद्धा. इथे माझी चूक झाली.

तुम्ही हजरत अबू उमैर यांची हकीकत ऐकली असेल. हजरत अनस (रजि.) यांचा हा धाकटा भाऊ, अगदी दूध सुटलेल्या वयाचा. त्याच्याकडे नुगैर नावाचा एक लहानसा पक्षी होता, तो मेला. प्रेषित (सल्ल.) त्यांच्या घरी येत तेव्हा त्या पोराजवळ बसून त्याला त्याच्या टोपणनावाने हाक मारीत आणि नुगैरचं काय झालं म्हणून विचारीत. उमैर आणि नुगैर, यमक जुळतं. पोराला हसू येत असेल. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. चौथ्या हिजरी शतकातले विद्वान इब्नुल-कास यांनी एवढ्या छोट्या हकीकतीतून साठएक मसले काढून दाखवले: लहान मुलालाही आदराचं टोपणनाव देता येतं, मुलाने पक्षी पाळणं चालतं, घरी भेटायला जावं, थट्टा करावी, वगैरे. मी ही हकीकत लहानपणापासून ऐकत आले आणि दरवेळी त्यातून ‘मुलांवर प्रेम करा’ एवढंच घेऊन उठले. यावेळी मात्र दुसरीच गोष्ट नजरेत भरली. प्रेषितांनी त्या पोराला दुसरा पक्षी आणून दिला, असं तिथे नाही. रडू नकोस, असंही नाही. त्यांनी विचारलं. एवढी माणसं, एवढी कामं, आणि त्यांतून एका चिमुकल्याला त्याच्या मेलेल्या पाखराबद्दल विचारलं. अनेक हदीसतज्ज्ञ सांगतात की हे मूलही पुढे लहानपणीच वारलं, आणि हजरत उम्मे सुलैम यांच्या सब्रची जी प्रसिद्ध हकीकत आहे ती याच मुलाच्या मृत्यूची. हे मनात आलं की त्या विचारपुशीकडे मला वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

आमच्या घरात विचारलं ते नानांनी. मी नाही, थोरल्याच्या बापाने नाही.

नाना आमचे दूधवाले. कादवेच्या काठच्या गावातून रोज सकाळी मोटारसायकलला दोन कॅन लावून येतात. बुधवारी थोरला पातेलं घेऊन दारात गेला. नाना दूध ओतता ओतता म्हणाले, "आज शिट्ट्या नाही मारल्या रे तुझ्या बायांनी. कुठं गेल्या?" थोरल्याने सांगितलं. नानांनी कॅनचं झाकण लावलं, गाडी स्टँडवर घेतली आणि पायरीवर बसले. "दोघी? कशा गेल्या रे?"

मी पडद्याआड होते. थोरला आधी दोनच वाक्यं बोलला. मग जे बाहेर पडलं ते ऐकून माझे हातपाय गळाले. बुधवारी, म्हणजे वीज गेली त्याच्या आदल्या दिवशी, घरचं गवत संपलं होतं. नेहमीचं गवत नानाच आणून द्यायचे, पण त्या आठवड्यात ते लग्नाला गेले होते. पोराने क्रिकेटच्या मैदानाशेजारच्या द्राक्षबागेच्या बांधावरून दोन मुठी गवत कापून आणलं, कुणाला न सांगता. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागांना नवी फूट आलेली असते आणि फवारे चालू असतात, हे दिंडोरीतल्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या मनाने घेतलं होतं की दोघींना आपण विष घातलं. आठवडाभर तो रात्री मोबाइलवर एकेका औषधाचं नाव शोधत होता. आणि मी म्हणत होते, समजूतदार झाला.

नानांनी ‘छे रे, काही नसतं तसं’ असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "कोणता बांध? चिंचेकडचा की रस्त्याकडचा?" पोराने सांगितलं. "बरं. मी त्या मालकाला विचारून येतो, केव्हा मारलं अन् काय मारलं." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "माझा सर्जा गेला तेव्हा मी पण असंच. आदल्या दिवशी जास्ती हाकलं का, पाणी उशिरा पाजलं का. जोडी फुटली की माणूस स्वतःलाच धरतो. राजा तर गोठ्यात सर्जाच्या खुंट्याकडं तोंड करून उभा राहायचा. नवा बैल आणला, त्याच्यासंगं जू घेईना. सहा महिने गेले." आणि जाताना मला हाक मारून म्हणाले, "भाभी, पोराला डॉक्टरकडं न्या. जनावराच्या. त्याच्या शंकेला उत्तर पाहिजे, लाडीगोडी नको."

दुसऱ्या दिवशी नाना उत्तर घेऊन आले. त्या बाजूला आठ दिवस आधी गंधक मारलं होतं, आणि मध्ये एकदा वळवाचा पाऊस झाला होता. यावरून पूर्ण निकाल लागत नाही, पण पोराच्या चेहऱ्यावर रंग आला. मग आम्ही पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे गेलो. गाई-बकऱ्यांच्या रांगेत एक बाई आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा, जनावर नाहीच. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची दिली. लाळ गळत होती का, अंग थरथरत होतं का, झटके आले का, दोघींनी गवत खाल्लं का, असे प्रश्न विचारले. दोघींनी खाल्लं होतं. यातलं एकही लक्षण नव्हतं. आणि दोघींमध्ये चार दिवसांचं अंतर होतं. ते म्हणाले, "शवविच्छेदन झालेलं नाही, त्यामुळे मी शपथेवर सांगणार नाही. पण विषाची ही रीत दिसत नाही." मग थोरल्याने दप्तरातून एक वही काढली. दर शुक्रवारी तो दोघींना माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहायचा. सात वर्षांची वही. डॉक्टरांनी पानं उलटली आणि शेवटच्या पानांवर थांबले. फेब्रुवारीत खुर्मा एक हजार पन्नास ग्रॅम, मेमध्ये आठशे तीस. "तीन महिने उतरत होती ही," ते म्हणाले. "हे शिकार होणारे प्राणी आहेत. आजारी दिसलं की रानात पहिला घास आपलाच, म्हणून शेवटपर्यंत दुखणं लपवतात. तुम्हाला अचानक वाटलं. तिला अचानक नव्हतं. त्यात म्हातारपण, आणि वरून त्या दिवशीचा उकाडा."

पोराचं ओझं उतरलं. माझं तिथे सुरू झालं. ती वही सात वर्षं माझ्या ओट्यावरच्या डब्यामागे असायची. आकडे मुलाने लिहिले, वाचायचे मोठ्यांनी होते. मांजरीला बांधून ठेवून ना खायला देणाऱ्या, ना सोडणाऱ्या बाईच्या शिक्षेची हदीस त्या रात्री माझ्या डोक्यातून जाईना. अम्मींना सांगितलं तर म्हणाल्या, "ती उपाशी ठेवणारी होती. तू रात्री अकराला उठून सिरिंज धरत होतीस. दोन्ही एका तागडीत घालू नकोस." बरोबर आहे त्यांचं. तरी वही वाचायला हवी होती, हेही बरोबर आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात असं आता मी धरून चालले आहे. ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांनी एवढं जरूर करावं: आठवड्याला वजन, आणि सलग दोन आठवडे उतरलं तर थांबू नये. गावातल्या डॉक्टरांना या प्राण्याचा सराव नसेल तर त्यांच्याकडूनच नाशिकला कुणाकडे जायचं ते आधीच विचारून ठेवावं. पत्र्याखालच्या घरात उन्हाळ्यात पिंजरा खाली फरशीवर, भिंतीच्या थंड बाजूला आणावा. आणि बागेच्या बांधावरचं गवत कितीही हिरवं दिसलं तरी आणू नये. यावेळी ते कारण नव्हतं एवढंच.

धाकटीचे प्रश्न वेगळे होते. त्या जन्नतमध्ये असतील का? मी इमाम साहेबांना विचारलं. ते म्हणाले, कुरआनमध्ये प्राण्यांना आणि पक्ष्यांना तुमच्यासारखेच समुदाय म्हटलं आहे, ते तिला सांगा. पुढचं अल्लाहला माहीत असं सांगा, आणि ते सांगायला लाजू नका. मी तसंच सांगितलं. तिला ते पटलं, मला वाटलं होतं त्याहून सहज. दुसरा प्रश्न कठीण होता. बकरी ईद तोंडावर आली होती, शेजारी बोकड बांधलेला होता, आणि तिने विचारलं, "त्याच्यासाठी पण रडलं तर चालेल?" आपल्यापैकी बऱ्याच जणी इथे पोराला दटावतात, कुर्बानीच्या दिवशी रडू नये म्हणून. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्याला चारा घातला त्याच्याबद्दल काही वाटू नये, तर मग दिलं काय? मी म्हटलं, चालेल. ईदच्या सकाळी ती रडलीही, अम्मींच्या ओढणीत तोंड खुपसून. दुपारी वाटे पोहोचवायला सगळ्यांच्या पुढे तीच होती.

दिरांचे ससे आम्ही घेतले नाहीत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी स्वतः फोन केला आणि सांगितलं, सध्या नको, मुलंच सांगतील तेव्हा बघू. त्यांनी विचारलं, "पण झालं काय होतं त्यांना?" मी पंधरा मिनिटं बोलत होते.

उरलेलं गवत धाकटीने नानांच्या वासरासाठी दिलं. पिंजरा धुऊन गच्चीवर ठेवला आहे. हे दोनदा विचारून झाले, भंगारवाल्याला द्यायचा का म्हणून. मी म्हटलं, मला नका विचारू. थोरल्याला विचारा.